आपल्या वहीतला नंबर

"आत्या, शेवटचं विचारतो. पासवर्ड सांगतेस की नाही?"

"शेवटचं कशाला, आणखी चार वेळा विचार. नाही सांगणार."

"अगं, अठ्ठेचाळीस तास दिलेत त्यांनी. त्यातले वीस गेले! उद्या दुपारी आपली वेबसाइट पुसून टाकतील. सहा महिने घातलेत मी तिच्यात."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

"कंपनीने! अमेरिकेतल्या! जिने आपल्याला फुकट जागा दिलीय, तिने!"

"ती कंपनीच कशावरून?"

"खाली नाव आहे की तिचं."

"नाव मीसुद्धा लिहीन खाली. जिल्हाधिकारी, सातारा. मग काय तू उठून मला सलाम ठोकणार?"

निमिषने हातातली स्कूटरची किल्ली टेबलावर आपटली. अनसूयाने ती उचलली आणि पेपरवेटशेजारी नीट सरळ ठेवली. तिला वस्तू सरळ ठेवायची सवय होती, आणि समोरचा माणूस चिडलेला असला की ती जास्तच सरळ ठेवी.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळचे अकरा. सांगलीच्या खणभागात रस्त्याला लागून दोन खोल्या, त्यांच्यावर पाटी: 'शुभयोग वधूवर सूचक मंडळ'. मंडळ गंगाधररावांचं. ते निवृत्त हेडमास्तर. निमिष त्यांचा मुलगा, चोवीस वर्षांचा, कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा. आणि अनसूया त्यांची धाकटी बहीण, बावन्न वर्षांची, तीन वर्षांपूर्वी सातारचं बिऱ्हाड मोडून इथे आलेली. तिचं स्वतःचं लग्न जमलं नव्हतं. मंडळात येणाऱ्या बायका हे कळल्यावर तिच्याशी जास्त मोकळेपणाने बोलत.

वेबसाइट निमिषची. सांगलीत तेव्हा वेबसाइट असलेलं दुसरं वधूवर मंडळ नव्हतं, निदान निमिष तरी तसं सांगे. तिच्यात तीनशे अकरा मुली होत्या. मुलीचं शिक्षण, उंची, अपेक्षा हे जगात कुणालाही दिसे. नाव, पत्ता आणि फोन मात्र पासवर्डच्या आड. सातारच्या शाखेत बसूनही ते बघता यावेत एवढ्यासाठी ते तिथे चढवले होते. गंगाधररावांनी एकच अट घातली होती, की पत्त्यांचा पासवर्ड अनसूयाकडे राहील. तिने तो पहिल्यांदा टाकला तेव्हा निमिषला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. त्यानंतर पानांत काही बदल करायचा झाला की निमिष हाक मारी, आत्या येऊन सहा-सात अक्षरं दाबी आणि परत आपल्या टेबलाशी जाई.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही, हे बोल ना सरळ," निमिष म्हणाला.

"तुझ्यावर आहे. तू ज्याला सांगायला निघालायस त्याच्यावर नाही."

"त्याला तू ओळखत नाहीस!"

"तेच म्हणतेय मी."

आता या बाईला ओळखणं म्हणजे काय वाटत होतं, ते समजायला थोडं मागे सातारला जायला हवं.

अनसूया मूळची वाईची. सहासष्ट साली, मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर, ती सातारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. लांबलचक खोलीत एका ओळीत उंच स्टुलांवर बसलेल्या मुली, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात त्या भोकांत खुपसायच्या दोऱ्या, कानाला हेडफोन. हेडफोनच्या पट्टीने तिच्या केसांत एक आडवी वाट पडली, ती कधी बुजली नाही. लोणंदचे कांद्याचे व्यापारी सकाळी आठाच्या ठोक्याला मुंबईचा भाव विचारायला कॉल लावत आणि इतके ओरडून बोलत, की मुली म्हणत, यांना फोन कशाला, खिडकी उघडली तरी मुंबईला ऐकू जाईल. कारखान्यांचे मॅनेजर 'अर्जंट' सांगत. रजा वाढवून मागणारे फौजी त्याहून तातडीचा 'लाइटनिंग' सांगत आणि लाइन लागल्यावर काय बोलायचं ते विसरत.

अनसूयाला आवाज राहत. चेहरा ती विसरे, आवाज नाही. एकदा सातारच्या स्टँडवर मागे कुणीतरी वाठारचं तिकीट मागितलं, आणि तिने वळूनही न पाहता विचारलं, "लोणंद सदतीस ना आपण?" तो गृहस्थ एवढा हबकला की त्याची एसटी चुकली. पुढे दोन महिने तो फोनवर खालच्या आवाजात बोलत होता.

बोर्डावर एक नियम होता. कुणी म्हणालं, मी अमक्या कचेरीतून बोलतोय, मला तमक्या नंबराची माहिती द्या, तर त्याला म्हणायचं, "ठेवा, मी लावते." मग आपल्या वहीत त्या कचेरीचा जो नंबर लिहिलेला असेल तो फिरवायचा. तो सांगेल तो नाही. माणूस खरा असेल तर तिकडून तोच उचलतो. दोन मिनिटांचं काम. सुपरवायझर बाई पहिल्या दिवशी हे सांगत, आणि सगळ्या मुली मान डोलावून सहाव्या दिवशी विसरत.

त्र्याहत्तर साली, दिवाळीच्या आधी, बोर्डावर सात दिवे एकदम लुकलुकत असताना एक आवाज आला. स्वच्छ, घाईतला, थोडा इंग्रजी वळणाचा.

"मेन ऑफिसमधून बोलतोय. लाइन टेस्टिंग चाललंय. चारशे बाराचा पत्ता वाचा."

"आपलं नाव?"

"अहो बाई, साहेब समोर उभे आहेत. लवकर. नाहीतर लाइन बंद राहील आठवडाभर, मग जबाबदारी तुमची."

अनसूयाने पत्ता वाचला.

चारशे बारा नंबर चंद्राबाईंचा. शिराळ्याकडची बाई, खाजगी नर्स, बाळंतपणं करायची, म्हणून घरी फोन. आपला नंबर पुस्तकात छापू नका असा अर्ज तिने स्वतः कचेरीत येऊन दिला होता. कारण लिहिलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. चौथ्या दिवशी मंडईत अनसूयाला ते कारण आयतं कळलं. चंद्राबाईंची घरमालकीण वांगी निवडता निवडता दुसरीला सांगत होती, "नवरा आला हुता म्हनं, संगं दोघं जण. कवापास्नं हुडकत हुता तिला. ही मागच्या दारानं गेली ती गेलीच. ट्रंक बी हितंच ऱ्हायली. कुटं गेली कुणाला ठावं."

अनसूयाने पाव किलो वांगी घेतली आणि ती घरी गेली.

चौकशी झाली नाही. मेमो आला नाही. पत्ता कुणी वाचला हे कधीच कुणी विचारलं नाही, आणि तिने कधी सांगितलं नाही. त्यानंतर तेवीस वर्षं ती प्रत्येकाला "ठेवा, मी लावते" म्हणाली. ओळखीच्या आवाजाला म्हणाली, रडणाऱ्याला म्हणाली, खऱ्या कलेक्टरलाही म्हणाली. ही सगळ्यांना उलटा फोन लावते म्हणून बोर्डावरच्या मुलींनी तिचं नाव 'उलटी अनसूया' पाडलं. ते तिला ठाऊक होतं. नावाला तिची हरकत नव्हती.

पुढे एसटीडी आलं, लोक आपले आपण नंबर फिरवायला लागले, बोर्ड भंगारात गेला. अनसूयाने निवृत्ती घेतली आणि ती सांगलीला आली. इथल्या कामाला तिला फारसं शिकावं लागलं नाही. तिकडे दोन माणसांना जोडून द्यायचं आणि मधून बाजूला व्हायचं, इथेही तेच.

मंडळात पत्त्याची एक रीत होती. फोनवर पत्ता द्यायचा नाही. मुलाकडच्यांनी स्वतः यायचं, बरोबर ओळखीचं माणूस आणायचं, मग अनसूया विचारपूस करी आणि पत्ता चिठ्ठीवर लिहून देई. त्या मे महिन्यातल्या उन्हात जत तालुक्यातून नानासो आला होता. मेंढरं विकून बोअर मारलेला, डोक्याला लाल पटका, अंगाला लोकरीचा वास अजून तसाच. मुलगी सोनिया सांगलीत शिकून एका दवाखान्यात लॅबमध्ये लागली होती, दोघी मैत्रिणी खोली घेऊन राहत होत्या.

"आवं बाई," फॉर्म पुढे सरकवत तो म्हणाला होता, "पोरगी एकली ऱ्हाती. तिचा पत्ता कागुदावर लिवला तवा माजा हात आडला, खरं सांगतो. भावकीतलं एक पोरगं लय मागं लागलंय. न्हाई म्हटलं तर दात-ओठ खातंय. त्येला ही खोली म्हाईत न्हाई."

"कळणार नाही त्याला."

"तुमी सोडून कुनाला म्हाईत?"

"मला सोडून कुणालाच नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," नानासो म्हणाला आणि त्याने फॉर्मवरचा हात उचलला.

असे फॉर्म तीनशे अकरा. शुक्रवारी सकाळी निमिष जो शब्द मागत होता, तो या तीनशे अकरा दारांचा होता.

"बरं," अनसूया म्हणाली. "पत्र लाव परत. वाच. सावकाश वाच, मराठीतून सांग."

निमिषने खुर्ची ओढली. स्क्रीनवर पत्र आलं. "प्रिय सभासद. आमच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे सर्व वेबसाइट-मालकांची नोंद नव्याने करण्यात येत आहे. आपलं सभासद-नाव आणि पासवर्ड या पत्राच्या उत्तरात पाठवा. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर न आल्यास आपली साइट कायमची काढून टाकण्यात येईल. झालं. यात काय चूक आहे?"

"प्रिय कोण?"

"सभासद."

"कंपनीला तुझं नाव माहीत आहे ना? जागा घेताना भरलं होतंस."

"हो. पण लाखो लोक आहेत गं त्यांच्याकडे. प्रत्येकाचं नाव कोण लिहीत बसणार?"

"पंचायतीची घरपट्टीची नोटीससुद्धा नावानिशी येते. तिथे तर कॉम्प्युटरही नाही. पुढे. पासवर्ड कुठे ठेवलेला असतो?"

"त्यांच्याच मशीनवर."

"म्हणजे त्यांच्या घरात आहे, आणि आपल्याला विचारतायत."

"बिघाड झालाय म्हणून!"

"बिघाड झाला तर म्हणतील, नवा पासवर्ड करा. जुना कशाला हवा? हे उत्तर कुठे जाणार?"

"कुठे म्हणजे? ज्याने पाठवलं त्याच्याकडे."

"दाबून बघ. पाठवू नकोस, नुसतं दाब."

निमिषने उत्तराचं बटण दाबलं. वरच्या ओळीत एक पत्ता उमटला. तो थोडा पुढे वाकला. पत्र आलं होतं ते कंपनीच्या नावाने, पण उत्तर निघालं होतं भलतीकडे. कुणालाही फुकट मिळणारा असतो तसला एक पत्ता, पुढे नुसते आकडे.

"हे... कधीकधी कंपन्या असं करतात," तो म्हणाला. पण हे तो जरा हळू म्हणाला.

"करत असतील. आपण त्यांना विचारू. जागा घेतलीस तेव्हाचा कागद आहे ना? त्यावरच्या पत्त्यावर लिही."

"आणि त्यांचं उत्तर सोमवारी आलं तर? साइट उद्या जातेय! परवा साताऱ्याचा मेळावा आहे. बाबांनी पत्रकात छापलंय, 'इंटरनेटवर स्थळे पाहा'. चारशे लोकांसमोर मी रिकामा पडदा दाखवू?"

"दाखव. रिकामा पडदा पुन्हा भरता येतो."

"तू भरणार?"

"फॉर्म सगळे कपाटात आहेत. भरीन."

यावर निमिष एवढा भडकला की जेवायला बसला नाही.

दुपारी तीनला तोच धावत आला. चेहरा उजळलेला.

"आत्या! आलं! दुसरं पत्र आलं. आता बोल! नावानिशी आलंय!"

आणि खरंच आलं होतं. 'प्रिय मिस अनसूया,' अशी सुरुवात. आपल्या मंडळाच्या थोर कार्याबद्दल आदर व्यक्त केला होता. तीनशेहून अधिक कन्यांच्या भवितव्याची काळजी कंपनीलाही आहे, असं म्हटलं होतं. आपल्यासारख्या जबाबदार व्यक्तीकडे पासवर्ड आहे हे वाचून समाधान वाटलं, तरी तो आजच कळवावा, म्हणजे साइट सुरक्षित राहील.

अनसूयाने पत्र दोनदा वाचलं. इतकी वर्षं ती लोकांची नावं घेत आली होती, आणि अमेरिकेतून कुणी तिचं नाव घ्यावं ही गोष्ट लहान नव्हती. तिचा हात कीबोर्डच्या दिशेने गेला नाही, पण मांडीवरून उठला एवढं खरं.

"आता तरी?" निमिष म्हणाला. "नाव नाही म्हणत होतीस. घे, नाव आलं."

"जागा कुणाच्या नावावर घेतलीस?"

"माझ्या."

"त्या कागदावर माझं नाव कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"मग यांना कुणी सांगितलं?"

आतल्या खोलीतून गंगाधररावांचा खाकरण्याचा आवाज आला, आणि मागोमाग ते स्वतः आले, चष्मा कपाळावर.

"मी लिहिलं," ते म्हणाले. "काल संध्याकाळी. त्यात काय झालं?"

गंगाधररावांचा चाळीस वर्षांचा परिपाठ होता. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर. स्थळ नाकारायचं असलं तरी कार्ड जायलाच हवं, अर्धा दिवसही टाकायचं नाही. त्यावरच मंडळाचं नाव उभं होतं. ई-मेल आल्यापासून ते एका बोटाने उत्तरं टाईप करायला शिकले होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. काल निमिष क्लासला गेल्यावर त्यांनी ते पत्र वाचलं आणि रीतीप्रमाणे उत्तर धाडलं.

"काय लिहिलंत, दादा?" अनसूयाने विचारलं.

"जे खरं ते. आपलं पत्र पावलं. आमच्याकडे तीनशे अकरा कन्यांची नोंद आहे. पासवर्ड माझ्याजवळ नसून माझी भगिनी अनसूया हिच्याजवळ आहे, तरी ती सवडीने कळवील. कळावे, लोभ असावा. पत्र पोचल्याचंसुद्धा सांगायचं नाही म्हणजे काय? लोक काय म्हणतील?"

"बाबा!" निमिष म्हणाला.

"आता बाबा! सकाळी तर पासवर्ड द्यायलाच निघाला होतास. मी तो दिला नाही, एवढं तरी धर."

"काय आहे आणि कुणाकडे आहे, तेवढं मात्र सांगितलंत," अनसूया म्हणाली. ती चिडली नव्हती. तिला त्या दुसऱ्या माणसाचं थोडं कौतुक वाटत होतं. एवढ्याशा धाग्यावरून त्याने तिचं नाव उचललं, मिस लावलं आणि आवाज बदलून परत आला. बोर्डावरही असे येत. पहिल्यांदा दरडावून नाही जमलं तर दुपारी गोड बोलून येत. आवाज तोच असे.

"कागद कुठाय निमिष? जागा घेतलीस तेव्हाचा?"

"आहे फाइलला. का?"

"त्यावर फोन नंबर असेल."

"अमेरिकेचा आहे!"

"मग काय झालं?"

"अमेरिकेला फोन?" गंगाधरराव म्हणाले. "अनसूया, बिल बघितलंयस का कधी आयएसडीचं?"

"मी एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचे लावले, दादा. एक माझा लावते."

आत्ता लावून उपयोग नाही, तिकडे पहाट असेल, असं तिने सांगितलं. साडेसातला त्यांचे सकाळचे नऊ वाजतात. तोवर तिने कपाट उघडून फॉर्मचे गठ्ठे मोजून पाहिले, तीनशे अकरा भरले. चहा केला. निमिष समोर बसून राहिला, क्लासला गेला नाही. दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडून त्याने परत मिटलं. अनसूयाला ते दिसलं. तिने ते सकाळच्या भांडणाच्या खाती टाकलं.

साडेसातला तिने पदर खोचला, कागद डाव्या हाताला ठेवला, पेन्सिल उजव्या हाताला, आणि नंबर फिरवला. एकेक आकडा, न चुकता. गंगाधरराव घड्याळ काढून मिनिटं मोजायला बसले.

आधी एक टेप बोलली. मग कसलंसं संगीत वाजलं. मग एक बाई आली, अमेरिकन, झोप झालेली, प्रसन्न.

अनसूयाचं इंग्रजी बोर्डावरचं होतं. त्यात गप्पा मारता येत नसत, पण काम होई. तिने साइटचं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं, एन फॉर नाशिक, एस फॉर सातारा. तिकडची बाई म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोण? सभासद क्रमांक सांगा, कागदावर वरच्या कोपऱ्यात असतो." अनसूयाने तो वाचला आणि हाताने रिसीव्हर झाकून निमिषला म्हणाली, "बघ. ही विचारतेय. नियमाने चालते बाई."

मग तिने दोन्ही पत्रं वाचून दाखवली. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला नाही.

"ती आमची नाहीत. आम्ही पासवर्ड कधीच विचारत नाही, मॅडम. पत्रातून नाही, फोनवरूनही नाही. या आठवड्यात अशी खूप पत्रं गेलीत. तुम्ही उत्तर दिलं नाहीत ना?"

"पासवर्ड दिला नाही."

"छान. मग ती साइट सुरक्षित आहे. उद्या काहीही पुसलं जाणार नाही."

"मुली सुरक्षित आहेत," अनसूयाने मराठीत खोलीला सांगितलं. गंगाधररावांनी श्वास सोडला. "साडेचार मिनिटं," ते म्हणाले. "ठेव आता."

अनसूया 'थँक यू' म्हणणार एवढ्यात तिकडच्या बाईने कीबोर्ड खडखडवला.

"एक मिनिट, मॅडम. या क्रमांकावर दोन साइट्स दिसतायत."

"दोन?"

"एक ऑगस्टमधली. ती ठीक आहे. एक जूनमधली. जूनमधल्या साइटचा पासवर्ड काल संध्याकाळी बदललाय. नवा आहे. तो तुम्हीच बदललात का?"

अनसूयाने रिसीव्हर कानाला तसाच ठेवला आणि खुर्ची वळवली.

"निमिष, जूनमधली साइट कुठली?"

निमिष उभा होता. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, तो बंद होता.

"ती... ट्रायलची. शिकत होतो तेव्हा केलेली. खरी तयार झाल्यावर काढून टाकायची राहिली."

"तिच्यात काय आहे?"

"काही नाही गं. सुरुवातीचे फॉर्म. पहिल्या चाळीस मुली. मे अखेरपर्यंतच्या."

"म्हणजे नानासोची सोनियाही? पत्त्यांसकट?"

"पासवर्डच्या आड होते!"

"कुणाच्या पासवर्डच्या?"

"माझ्या," निमिष म्हणाला.

गंगाधररावांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. ते मोजायचं विसरले होते.

"मॅडम?" पलीकडची बाई म्हणाली. "तो बदल तुमचा नसेल तर मला आत्ता सांगा. मी साइट बंद करू शकते. पण आधी मला कळायला हवं. मॅडम, ऐकू येतंय?"

"होल्ड ऑन प्लीज," अनसूया म्हणाली. तिचा आवाज बोर्डावर असायचा तसाच होता, सपाट आणि स्वच्छ. "निमिष, हेच पत्र तिकडेही आलं होतं का? काल?"

निमिषने टेबलावरची किल्ली उचलली.

"त्याला उत्तर कुणी दिलं?"

त्याने चपला शोधल्या. एक कपाटाखाली गेली होती, ती त्याने पायानेच ओढून काढली.

"निमिष, पासवर्ड पाठवलास का तू?"

रिसीव्हरमधून पुन्हा "मॅडम?" ऐकू आलं. निमिषने दार उघडलं, आणि मागे न पाहता तो पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला.